एका हंड्याचा मजकूर

धुळ्यात पांझरा नदीवरचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं की आत एक वस्ती होती आणि वस्तीच्या तोंडाशीच सार्वजनिक नळ होता. नळाच्या मागे विहाराची भिंत, आणि त्या भिंतीवर काळा रंग फासून केलेला लांबरुंद फळा. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं आणि फळ्यावरचा मजकूरही एक दिवसाआड बदलायचा. पाणी नगरपालिका सोडायची आणि मजकूर अभिमन बैसाणे. दोघांत एवढाच फरक होता, की नगरपालिका हात राखून सोडायची आणि अभिमन सढळ हाताने.

अभिमन एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पेंटर होता. बसच्या कपाळावर लावायच्या पाट्या तो रंगवायचा. धुळे-साक्री, धुळे-शिरपूर, धुळे-चोपडा. अक्षर असं, की बघत राहावं. पण दिवसभर गावांची नावं लिहून त्याचा जीव आंबून जायचा. एवढी सुंदर अक्षरं, आणि सांगायचं काय, तर साक्री! म्हणून संध्याकाळी घरी आला, की चहा पिऊन तो खडूचा डबा घेऊन फळ्यापुढे उभा राहायचा आणि दिवसभराचा सगळा उपास तिथे सोडायचा.

मग काय विचारता! जयंतीची मिरवणूक असो, कुणाच्या मुलाचा मॅट्रिकचा निकाल असो की रॉकेल कधी येणार याची खबर असो, अभिमन फळा वरपासून खालपर्यंत भरून टाकायचा. सुरुवातीला वस्तीतल्या सर्व बंधुभगिनींना वंदन, मग ऋतूचं वर्णन, मग थोडं मनुष्यस्वभावाबद्दल, आणि मूळ बातमी तळाशी, शेळी बांधायच्या खुंटीच्या जरा वर. शेवटी एक तात्पर्य. तात्पर्याशिवाय खडू खाली ठेवणं त्याला उघड्या अंगाने बाजारात जाण्यासारखं वाटायचं.

वाचणारे कोण, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही आणि त्यानेही स्वतःला विचारला नाही. वस्ती समितीचे मगननाना रोज फळ्यापुढे थांबायचे, पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचायचे आणि "भारी लिखं रे भो," असं म्हणून पुढे जायचे. अभिमनला तेवढंही पुरायचं. त्याला खरं दुःख होतं ते एकाच गोष्टीचं. त्याची बायको लिलाबाई इतकी वर्षं त्याच फळ्याखाली हंडा लावत होती, आणि तिने त्याच्या लिहिण्यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. तिला वाचताच येत नव्हतं.

लग्नानंतर त्याने तिला शिकवायचा प्रयत्न केला होता. पण शिकवायला बसला की तो मास्तर व्हायचा, आणि मास्तर झाला की ती पदर तोंडाला लावून हसत सुटायची. तो चिडायचा, ती आणखी हसायची. शेवटी पाटी माळ्यावर गेली. मग तो लिहिलेलं तिला घरी वाचून दाखवायचा. ती भाकरी थापता थापता "हां, हां" म्हणायची, आणि मध्येच विचारायची, "रॉकेल कवय ई ते सांगा ना!"

या घरातला दिव्याखालचा अंधार एकदा पुरता उघडा पडला. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण होता. अभिमनच्या बापाने घरातले देव केव्हाच पाण्यात सोडले होते, पण आखाजीला लेकीने माहेरी जायचं, हे मात्र वस्तीत कुणी सोडलं नव्हतं. लिलाबाई सांजोऱ्यांची टोपली घेऊन शिरपूरकडे निघाली. अभिमनला सुट्टी नव्हती. स्टँडवर ही गर्दी! नेहमी शिरपूरची गाडी लागते तिथे एक गाडी उभी होती, बायाबापड्या चढत होत्या, हीही चढली. गाडी निघाली साक्रीला. पाटीवर तसं लिहिलेलंही होतं, ठळक, वळणदार, पिवळ्यावर काळ्या अक्षरात. नवऱ्यानेच लिहिलेलं.

दिवस मावळायच्या आत ती घरी परत आली. साक्रीच्या वाटेवर कुसुंब्याला उतरावं लागलं, एवढंच म्हणाली. डोळे लाल झालेले, टोपली रिकामी. अभिमनने लगेच ताडलं. बिचारी रस्त्याच्या कडेला बसून रडली असणार, सांजोऱ्या कुणी लांबवल्या असणार. पण विचारलं तर तिला आणखी वाईट वाटेल, असा विचार करून त्याने काही विचारलं नाही. आपल्या या समंजसपणाचं त्याला मनातून थोडं कौतुकही वाटलं. मात्र त्या दिवसापासून साक्रीची पाटी रंगवताना त्याचा हात जरा जड चालू लागला.

एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. विहारातही दुपारचा वर्ग सुरू झाला. कॉलेजात जाणारी सुनंदा नावाची मुलगी शिकवायची. ती रागवायची नाही, मास्तर तर अजिबात व्हायची नाही. लिलाबाईने कुणाला न विचारता नाव घातलं. तिच्यामागोमाग झुंबरबाईही आली. झुंबरबाई म्हणजे नळाची अनभिषिक्त महाराणी. कुणाचा हंडा कितवा, कुणी घुसखोरी केली, कुणाला दंड, सगळा न्याय तिच्या तोंडी. तीच शिकायला बसली म्हटल्यावर बाकीच्या बाया कशाला मागे राहतात? पावसाळा सरता सरता त्यांची पुस्तकं वाचून संपली आणि बायांना वाचनाची भूक लागली. जवळात जवळ होता तो अभिमनचा फळा.

अभिमनला हे कळलं तेव्हा त्याच्या अंगात वारं शिरलं. लिलाबाई वाचणार! इतक्या वर्षांनी! त्याने त्या संध्याकाळी ठेवणीतला मजकूर काढला. रंगीत खडू वापरले. नक्षी काढली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायच्या वेळी सायकल धरून तो कोपऱ्यावर उभा राहिला, लग्नात नवरीच्या बापाने उभं राहावं तसा.

लिलाबाईने हंडा लावला, मान वर केली आणि एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचायला लागली.

"आ… पल्या… व… स्ती… तील… सर्व… बं… धु… भ… गि… नीं… ना…"

रांगेतल्या बाया कान देऊन ऐकू लागल्या. अभिमनने सायकलचा दांडा घट्ट धरला.

"क… ळ… वि… ण्यात… अ… त्यं… त…"

हे 'अत्यंत' फार भारी पडलं. लिलाबाईने तीनदा धडक मारली तेव्हा ते फुटलं. तोवर हंडा भरून वाहू लागला होता. पण ती अशी इरेला पेटली होती, की तिचं तिकडे लक्षच नव्हतं. पाणी वाहून चाललेलं बघून मागच्या बायांनी गलका केला. एक दिवसाआड येणारं पाणी, तेही तासभर! एकीने लिलाबाईचा हंडा ढकलला, दुसरीने तिचा, तिसरीचा कळशीसकट पाय घसरला. कपडे भिजले, माहेरं उद्धरली. शेवटी झुंबरबाईने न्याय दिला: पुढच्या पाण्याला लिलाबाईचा हंडा सगळ्यांच्या शेवटी. दंड म्हणजे दंड!

घरी आल्यावर लिलाबाईने ओला पदर पिळला आणि विचारलं, "कळवाले अत्यंत आनंद व्हयना, इतलं वाचं मी. पन आनंद कसाना?"

"वाचनालयाला नवं कपाट आलं," अभिमन पडलेल्या आवाजात म्हणाला.

"माय वं! कपाटना इतला आनंद?"

आणि ती हसायला लागली. नमनालाच घडाभर तेल म्हणतात, इथे घडाभर पाणी गेलं होतं आणि तरी नमन संपलं नव्हतं. अभिमनला हसू आलं नाही. तिने आपलं पहिलंवहिलं वाचन केलं आणि ती कपाटापर्यंतसुद्धा पोचली नाही, हे त्याला लागलं.

त्यात मगननाना येऊन दम देऊन गेले. "अभिमन, लिखनं जरा आवर. आखो एक डाव नळवर भांडन व्हयनं, ते फळा मांगली भितडावर करसूत." आणखी एक भांडण झालं, की फळा मागच्या भिंतीवर; आणि मागची भिंत म्हणजे जिथे वस्तीतल्या बाकी सगळ्या शेळ्या बांधत. "पाटीगत लिख ना भो. धुळे-साक्री! कसं, दोन शब्द, बठ्ठासले समजस."

सगळ्यांना समजणाऱ्या दोन शब्दांचं हे बोलणं अभिमनला सोनाराने कान टोचल्यासारखं नाही, लोहाराने टोचल्यासारखं लागलं. पण मागची भिंत डोळ्यांपुढे आली. तिथे त्याचं लिहिणं शेळ्यांनी वाचलं असतं, लिलाबाईने नाही. म्हणून पुढच्या पाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने मनावर दगड ठेवला आणि एवढ्या मोठ्या फळ्यावर मधोमध, नळ नसलेल्या दिवशीच्या टँकरबद्दल, तीनच शब्द लिहिले: 'उद्या टँकर नाही.'

झालं! सकाळी बायांनी हंडे ठेवले, वर बघितलं, आणि पहिलीने हंडा नीट टेकवायच्या आतच वाचून संपलं. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. पाहुण्याला पाट मांडावा, तांब्या द्यावा आणि लगेच "या मग" म्हणावं, तशी त्यांची गत झाली. झुंबरबाई तर भडकलीच. अभिमन कोपऱ्यावर सायकल धरून उभाच होता.

"ओ भाऊ! आम्ही उन्हातान्हात शिकनूत ते काय टँकर नही हाई वाचासाठे? टँकर नही हाई आमले नवं शे का?"

पाणी त्या दिवशी मध्येच गेलं. शेवटी उभी असलेली लिलाबाई रिकामा हंडा घेऊनच परतली, आणि दंडही तसाच पुढच्या पाण्यावर गेला. ती घरी आली आणि नवऱ्याजवळ बसली. म्हणाली, "तुम्ही मन्हावर रुसी गया का?"

"नाही गं. तुला जेवढं वाचता येईल तेवढंच लिहिलं."

"माले त्यानाहून जास्त येस," ती फणकारली, आणि उठून गेली.

आता आली का पंचाईत! फळाभर लिहावं तर पाणी वाया जातं, तीन शब्द लिहावेत तर माणसं. मग लिहावं तरी किती? अभिमन या प्रश्नाने पछाडला. वर्कशॉपमध्ये पाटीवर 'चोपडा' लिहिताना त्याने 'चो' काढून ब्रश हवेतच धरून ठेवला, तेव्हा फोरमनने त्याला चहा पाजून घरी पाठवला. घरी येऊन त्याने एक उपाय केला. रांजणातून तांब्या तांब्याने पाणी काढत तो हंडा भरायला बसला, नळाच्या चालीने, आणि लिलाबाईला म्हणाला, "वाच." जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा तिच्या हातात दिला.

त्या दिवशी त्याने पहिल्यांदा तिचं वाचणं नीट ऐकलं. तो स्वतः वाचायचा तो डोळ्यांनी, भरधाव, अर्धे शब्द न वाचताच. ही प्रत्येक शब्दाशी थांबायची, त्याला उलटसुलट करून बघायची, ओळखीचा निघाला की खुश व्हायची आणि नाही निघाला की त्याच्याशी भांडायची. 'तथापि'शी तर ती जाम भांडली. "यानं काय काम शे आठे?" तिने विचारलं. अभिमनने विचार केला. काहीच काम नव्हतं.

"एका हंड्यात दोन ओळी," तो हिशेब लावून खिन्नपणे म्हणाला. "दोन ओळींत माणूस काय सांगणार?"

लिलाबाईने कागद खाली ठेवला. "तुम्ही बठ्ठं माले एकलीलेच काब वाचाले लावतस? आम्ही गाना म्हंतस ते काय एकलीच म्हनस? एक सोडस, तठून दुसरी धरस. तिना दम सरना का तिसरी."

अभिमन तिच्याकडे बघतच राहिला. हंडे रांगेत होते, बाया रांगेत होत्या, मग ओळींनी रांगेत उभं राहायला काय हरकत होती? एकीचा हंडा भरेल तेवढं एकीचं. तिने जिथे सोडलं तिथून पुढचीने धरायचं. मजकूर एका हंड्याएवढा नको, रांगेएवढा हवा! त्याला इतका आनंद झाला, की त्याने उरलेला सगळा तांब्या हंड्याऐवजी स्वतःच्या मांडीवर ओतला.

लिलाबाईने झुंबरबाईच्या कानावर घातलं. झुंबरबाईला असलं हुकूम सोडायचं काम मुळातच आवडायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी शेजारणीने वाचायचं, हेही तिनेच ठरवून टाकलं.

आता प्रश्न राहिला काय लिहायचं याचा. अभिमन फळ्यापुढे उभा राहिला आणि सवयीने 'आपल्या वस्तीतील' लिहून मोकळाही झाला. मग त्याला 'तथापि'ची आठवण झाली आणि त्याने ते पुसलं. लिलाबाईला शेवटच्या ओळीपर्यंत वाचावंसं वाटेल, असं काय होतं त्याच्याजवळ?  मग त्याने लिहायला घेतलं, ठाऊक नव्हतं ते मनाने जुळवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लिलाबाई बोलते त्या बोलीत लिहिलं. त्या फळ्यावर आजवर अहिराणी कधी चढली नव्हती.

पाण्याच्या दिवशी नळ सुटला. झुंबरबाईने पहिला हंडा लावला आणि नाकावरचा चष्मा सावरल्यासारखं करून, चष्मा नव्हताच, वाचायला लागली.

"एक बाई आखाजीले माहेरले निंघनी. टोपलीमा सांजोऱ्या व्हत्यात." हंडा भरला. बरोब्बर!

दुसरीने धरलं. "शिरपूरनी समजीसन ती साक्रीनी गाडीमा बसनी." रांगेत खसखस पिकली. असं कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं? सगळ्यांच्याच झालं होतं, फक्त कबूल कुणी केलं नव्हतं.

तिसरीने वाचलं, "खिडकीमातून दखस ते काय, तापी येवाले पाहिजे, ती येतच नही." तापी लागते ती शिरपूरच्या वाटेवर. चौथीने घाईघाईने हंडा लावला, कारण तापीचं काय झालं हे तिला कळायलाच हवं होतं. "कंडक्टरले इचारं, ओ भाऊ, तापी कवय ई?" तेव्हा मात्र बाया अशा हसल्या, की पुलावरून जाणारे सायकलवाले थांबून बघायला लागले. हंडे भरत होते, उचलले जात होते, एक थेंब वाया जात नव्हता. हंडा भरून झालेल्या बायासुद्धा घरी जाईनात. डोक्यावर हंडा घेऊन तिथेच ऐकत उभ्या राहिल्या. मगननाना आले, त्यांनी सवयीने पहिली ओळ वाचली, मग दुसरी वाचली, आणि मग तिथल्या दगडावर बसूनच घेतलं.

अभिमन कोपऱ्यावर होता. ड्युटीची वेळ कधीच टळून गेली होती. त्याचं कुणाच्या हसण्याकडे लक्ष नव्हतं, तो रांगेच्या शेवटाकडे बघत होता. तिथे लिलाबाई हंडा कमरेवर घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. गोष्ट कुणाची आहे हे तिला पहिल्याच हंड्याला कळलं असणार. आपण चारचौघांत हिची लाज काढली की काय, असं त्याला आत्ता वाटायला लागलं, आणि आत्ता वाटून काही उपयोग नव्हता. ती वाचेल की पाठ फिरवून निघून जाईल? 

तिची पाळी आली. शेवटच्या दोन ओळी तिच्या होत्या. तिने हंडा लावला आणि वर बघितलं. आवाज पडू न देता वाचलं.

"बाई कुसुंब्याले उतरनी… रस्तानी कडे बसीसन… ती रडनी." थांबली. मग तळाची ओळ. "म्हनीसन सांगस, बठ्ठी बायासनी शिकाले पाहिजे."

संपलं. तिने पूर्ण वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत. अभिमनचे डोळे भरून आले. पण लिलाबाई फळ्यापासून हलली नाही. तिने नळाची तोटी बंद केली, हंडा बाजूला सरकवला आणि फळ्याजवळ गेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि शेवटच्या दोन्ही ओळी खसाखसा पुसून काढल्या. तात्पर्यासकट.

"ओ बाई!" मगननाना दगडावरून उठले.

लिलाबाईने मागे न बघता अभिमनपुढे हात केला. तो सायकल टाकून धावत आला आणि त्याने खिशातला खडूचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. ती लिहू लागली. अक्षरं मोठी, वाकडी, एक पुढे पळालेलं, एक मागे राहिलेलं. बाया तिच्या हातामागोमाग एकसुरात वाचू लागल्या.

"ती… रडनी… नही."

हंडे घेतलेल्या बाया एक पाऊल पुढे सरकल्या.

"ती… झोका… खेयनी."

"माय वं!" झुंबरबाईच्या तोंडून निघालं. "कुसुंब्याले? आनि त्या सांजोऱ्या?"

"पोरीसनी खाई टाक्यात बठ्ठ्या," लिलाबाई म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आवरेना. कुसुंब्याच्या कडुनिंबाला आखाजीचा झोका बांधलेला, अनोळखी पोरीबाळींनी हाका मारून बोलावलेलं, दुपारभर उंचच उंच झोके, वारा आणि धूळ डोळ्यांत, आणि गाणी. नंतर माहेरीसुद्धा तिला अशी आखाजी कधी मिळाली नव्हती. तिने ती कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

अभिमन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो तिच्या त्या दिवसाचं दुःख जपून होता, आणि ती त्या दिवसाचा आनंद. एकाच घरात, एका चुलीपाशी! त्याला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही त्याने लपवलं नाही.

"मंग?" त्याने विचारलं. "मंग पुढे काय व्हयनं?"

फळा तर संपला होता. खाली राखाडी गिलावा होता, खुंटीपर्यंत, जमिनीपर्यंत, आणि डाव्या-उजव्या हाताला विहाराची सगळी भिंत. लिलाबाईने एकदा ती भिंत इकडून तिकडे बघून घेतली, पदर कमरेला खोचला आणि नवऱ्यापुढे पुन्हा हात केला.

"आखो एक खडू द्या," ती म्हणाली.